रोल धुऊन येईपर्यंत

माल्टात ऑगस्टमध्ये प्रकाश मोजायला यंत्र लागत नाही. फिल्मच्या जमान्यातला एक आडाखा तिथे जसाच्या तसा चालतो: लख्ख ऊन असेल तर ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ-१६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्या आकड्याच्या, जवळपास. फिल्म २०० ची असेल तर सेकंदाचा २५० वा भाग. पूर्वी कोडॅकच्या खोक्याच्या आत सूर्य, अर्धा ढग, पूर्ण ढग अशी चित्रं छापलेली असायची, त्यातही हेच सांगितलेलं असे. आपल्याकडे श्रावणात हा आडाखा दर दहा मिनिटांनी मोडतो. माल्टात न्याहारी करून बाहेर पडताना एकदा आकडे लावले की ऊन कलेपर्यंत कॅमेऱ्याच्या कड्यांना हात लावायचं काम नाही. ढग नावालाही नसतो.

हे माझ्या पथ्यावर पडलं, कारण माझ्या ऑलिंपस ओएम-१ कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर चालत नाही. बिघडलेलं नाही; त्याला लागणारा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता विकायलाच बंदी आहे. बाकी सगळा कॅमेरा कमानी आणि चाकांवर चालतो, त्याला वीज माहीत नाही. योशिहिसा मैतानी नावाच्या जपानी अभियंत्यानं १९७२ मध्ये तो आणला, तेव्हा त्याचं नाव एम-१ होतं. लायका या जर्मन कॅमेरा कंपनीनं हरकत घेतली आणि पुढे ओ जोडला गेला. वजन जेमतेम अर्धा किलो. त्या काळचे बाकीचे कॅमेरे गळ्यात घालून चाललं की मान धरायची, हा दिवसभर पर्सशेजारी गुमान लटकतो.

माल्टाच का, याचं कारण मात्र कॅमेऱ्याशी संबंधित नाही. आम्ही जर्मनीत राहतो. सासूबाई साताऱ्याहून उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या, शेंगेन व्हिसावर. माल्टा शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे वेगळे कागद करायला नकोत. रस्त्यावर इंग्रजी चालतं. आणि बेट इतकं लहान की कुठूनही कुठेही संध्याकाळी मुक्कामी परतता येतं. आईंचे गुडघे, लेकीचं तेरावं वर्ष आणि नवऱ्याची मोजकी रजा या तिन्हींना झेपेल असं दुसरं काही सुचलं नाही.

साताऱ्याच्या माणसाला तिथे पहिल्यांदा खटकतो तो दगड. आपला दगड काळा. देवळं, वाडे, घाट, किल्ल्याचे बुरूज, सगळा बेसाल्ट, प्रकाश पिऊन टाकणारा. माल्टाचा दगड म्हणजे मऊ, पिवळसर चुनखडी. करवतीनं कापता येते. घरं, चर्च, तटबंदी, शेताचे बांध, सगळं त्याचंच. १५६५ चा तुर्कांचा वेढा उठल्यावर तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी पुढच्याच वर्षी राजधानी व्हॅलेटा बांधायला घेतलं, ते याच दगडात. त्यामुळे दुपारी रस्ता, भिंत, पायरी सगळीकडून ऊन अंगावर परत येतं. सावलीतल्या माणसाचाही चेहरा उजळ दिसतो, कारण समोरची भिंतच दिव्याचं काम करते. आई पहिल्या दिवशी व्हॅलेटाच्या उतारावर उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, इथं सावलीलासुद्धा ऊन आहे." फोटोग्राफीच्या पुस्तकांत याला दोन पानं लागतात.

त्या उतारांवर लाकडी बंद सज्जे आहेत, हिरवे, लाल, निळे. गल्लारिया म्हणतात त्यांना. पर्यटक त्यांचेच फोटो काढतात आणि मीही काढले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सज्जे सुंदर आहेत, फोटोही सगळ्यांचे सारखेच येतात.

सांगण्यासारखं आहे ते आईंच्या उभं राहण्याबद्दल. त्यांच्या तरुणपणी घरात कॅमेरा नव्हता. फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन काढायची गोष्ट. लग्नानंतर, बाळ झाल्यावर, कुणी परदेशी जाताना. पुढे दिरांनी कॅमेरा घेतला तेव्हा ३६ चा रोल घरातल्या दोन बारशांना आणि एका अष्टविनायकाला पुरवायचा असे. शेवटी दोन-तीन राहिलेच तर रोल धुवायला टाकता यावा म्हणून तुळशीचा, मांजराचा, नव्या फ्रिजचा फोटो काढून संपवायचा. अशा घरातली बाई फोटोसाठी कशी उभी राहते? पदर सारखा करून, पाय जुळवून, श्वास रोखून. आणि 'खट्' ऐकू आल्याशिवाय श्वास सोडत नाही. माझ्या कॅमेऱ्याला चांगला दणदणीत 'खट्' आहे. तो ऐकला की त्या विचारत, "झाला? किती राहिले आता?"

लेकीचा प्रकार उलटा. तिच्या चेहऱ्याची कुठली बाजू चांगली हे तिला पक्कं माहीत आहे, फोन समोर आला की मान आपोआप तेवढीच वळते. काढून झालं की हात पुढे: दाखव. पहिले दोन दिवस ती ओएम-१ च्या मागे येऊन कोऱ्या काळ्या पाठीकडे बघायची आणि वैतागायची. तिसऱ्या दिवसापासून तिनं नाद सोडला. दाखवायलाच काही नाही म्हटल्यावर फोटोसाठी तयार होणंच तिला निरर्थक वाटू लागलं असावं. मग ती बर्फाचा गोळा खाताना, वाळू झाडताना, आजीच्या पायाला सनस्क्रीन लावून देताना तशीच राहायची. फोन माझ्याकडेही होता आणि नवऱ्याकडे तर होताच. पण कुटुंबाचे फोटो फोनवर नको, कॅमेऱ्यावरच काढू, एवढं मी निघताना ठरवून घेतलं होतं. नवऱ्यानं बोटींचे आणि जेवणाचे फोटो काढून आपली हौस भागवली.

इथे एक सांगून टाकते. फिल्मवाल्यांचा एक सूर मला खपत नाही: फिल्म म्हणजे खरं, डिजिटल म्हणजे खोटं, फिल्मनं माणूस थांबायला शिकतो वगैरे. मी थांबायला शिकलेले नाही. रोल महाग आहे म्हणून हात आखडतो, त्याला साधना म्हणायचं कारण नाही. आणि आजकाल रोल धुतला की स्कॅन होऊनच येतो, फोनवरच पाहिला जातो, फोनवरूनच पाठवला जातो. मला त्यात जी गंमत वाटते ती वेगळीच आहे, आणि तिचा कॅमेऱ्याशी फारसा संबंध नाही. ती आहे फोटो काढल्यापासून तो दिसेपर्यंतच्या दिवसांत.

आधी फिल्मच्या आत काय चालतं ते. जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. सेकंदाच्या २५० व्या भागात त्यांच्यावर प्रकाश पडतो तेव्हा ज्या कणाला पुरेसा प्रकाश मिळाला त्यात चांदीचे मोजकेच अणू सुटे होतात. तेवढंच. त्या क्षणी फिल्म बाहेर काढून भिंगाखाली धरली तरी काही दिसणार नाही. उलट होतं तेही जाईल. पण चित्र आहे. ते तसंच, न दिसणारं, पेटीत पडून राहतं. नंतर ३८ अंशाला राखलेल्या रसायनात सव्वातीन मिनिटं बुडवलं की त्या मोजक्या अणूंच्या आधारानं पूर्ण कणाची चांदी होते, सोबत रंग तयार होतात आणि मग चांदी धुऊन काढून रंग तेवढे ठेवतात. माल्टाच्या विमानतळावर मी रोल हातानं तपासायची विनंती केली ती या अणूंसाठीच. आता बऱ्याच ठिकाणी सामानाला सीटी स्कॅनर आलेत, त्यांचे किरण न धुतलेल्या फिल्मवर धूसर पट्टे उठवतात. सुरक्षा कर्मचाऱ्यानं प्रत्येक डबी कापडानं पुसून ते कापड यंत्रात घातलं. आई मागून म्हणाल्या, "त्यांना वाटलं असेल भस्म आणलंय."

गोझोला, माल्टाच्याच शेजारच्या बेटावर, गेलो ते फेरीबोटीनं. चिर्केव्वाहून निघायचं, पंचवीसेक मिनिटांत पलीकडे. जाताना तिकीटच घेत नाहीत. पैसे परतताना, गोझोच्या धक्क्यावर. येणारा परत जाणारच, असा हिशेब. बोटीवर कॉफीच्या काउंटरवरचा पोरगा केरळचा निघाला. माल्टात हल्ली कुठेही जा, बसचा ड्रायव्हर, हॉटेलातला वाढपी, दवाखान्यातली नर्स, आपल्याकडचं कुणीतरी भेटतंच. तसं नातं जुनं आहे. रशिया-तुर्की युद्ध नुकतंच थांबलं असताना, १८७८ मध्ये, ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीनं हिंदी फौजेचे सुमारे ७,००० शिपाई मुंबई बंदरातून बोटींत भरून इथे आणून उतरवले होते, रशियाला दाखवायला. ते न लढताच पुढे सायप्रसला गेले आणि मग घरी.

त्या पोरानं कॅमेरा पाहून आपणहून विचारलं, सगळ्यांचा काढू का? मी दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी लांब धरला, फोन धरतात तसा, आणि पाठीवर चित्र शोधायला लागला. मग डोळा लावायला सांगितलं. डोळा लावल्यावर तो हसला. "चेची, आत केवढं मोठं दिसतं!" दाबलं. मग म्हणाला, आता माझा काढा, आईला पाठवायचाय. काढला. त्यानं फोन पुढे केला, पाठवा. मी म्हटलं, काही आठवडे लागतील. त्याच्या चेहऱ्यावरून मी त्याला टाळते आहे असंच त्याला वाटलं असावं, तरी नंबर दिला. पुढे फोटो मिळाल्यावर त्याचं उत्तर आलं: तोवर त्यानं ती नोकरी सोडली होती, आणि आईला फोटो फार आवडला होता.

गोझोला द्वेय्रा नावाची जागा आहे. समुद्रात उतरलेली दगडी कमान तिथे होती, जगभरच्या पोस्टकार्डांवर असायची. ८ मार्च २०१७ रोजी वादळात ती कोसळली, खांबासकट, पूर्ण. आता तिथे पाणी आहे. तरी बस भरून लोक येतात. लेकीनं बसमध्येच आजीला फोनवर कमानीचे जुने फोटो दाखवले, एकामागून एक, सूर्यास्तातले, वादळातले, खालून पोहत काढलेले. आम्ही पोहोचलो तेव्हा लोक रिकाम्या पाण्याकडे पाठ करून उभे होते आणि एकमेकांचे फोटो काढत होते. मीही आईंना तिथेच उभं केलं. खाली खडकांत कोट्यवधी वर्षांपूर्वीचे समुद्री जीव शिंपल्यांसारखे रुतलेले आहेत, ते पाहायला कुणी वाकत नव्हतं. आई वाकल्या. त्यात त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला.

श्वेयनीची मिठागरं पाहिली ती त्याच मुक्कामात. आपल्या कोकणासारखी मातीची नव्हेत. किनाऱ्याच्या सपाट खडकात चौकोनी वाफे कोरलेले. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी त्यांत घेतात, ते आटतं, आणि मीठ झाडूनं ओढून ढीग लावतात. काही घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या हे काम आहे. पांढरं मीठ, फिका खडक, डोळे उघडवत नाहीत असं ऊन. तिथे मात्र मी आडाखा सोडून शटर एक घर पुढे सरकवलं. आईंनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "खारट आहे," आणि त्यावर आम्ही बराच वेळ हसलो. का, ते आता सांगता येणार नाही.

माल्टात कुटुंबासोबत येऊन कॅमेरा लावणारी मी काही पहिली नाही. १८४५ च्या हिवाळ्यात वेल्समधला कॅल्व्हर्ट जोन्स नावाचा पाद्री इथे आला. चित्रकार होता, जहाजं काढायचा. कागदी निगेटिव्हची पद्धत काढणाऱ्या फॉक्स टाल्बट यांचे चुलतभाऊ किट टाल्बट हे त्याचे मित्र. त्यांच्या कुटुंबाबरोबर तो आला होता. किट यांची पत्नी लेडी शार्लट आजारी होती, हवापालटासाठी हे बिऱ्हाड भूमध्य समुद्रात हललं होतं. जोन्सनं व्हॅलेटाचे रस्ते, बंदर, चर्चच्या पायऱ्या कागदावर उतरवल्या. एका चित्रात मावलं नाही तर शेजारचं दुसरं घेऊन दोन्ही जोडली. मिनिटांच्या हिशेबात कॅमेरा उघडा ठेवावा लागे, त्यामुळे चालणारी माणसं पुसली जात. जी दिसतात त्यांना त्यानं उभं राहायला सांगितलेलं असणार. त्यांनीही आईंसारखाच श्वास रोखला असेल. लेडी शार्लट १८४६ च्या मार्चमध्ये माल्टातच गेली. ती चित्रं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. स्वच्छ ऊन, कोऱ्या पायऱ्या, डोलकाठ्या. त्या घरात काय चाललं होतं याचा मागमूस त्यांत नाही. फोटो साक्षीदार असतो म्हणतात. असेल, पण त्याला फक्त दारापर्यंतचंच दिसतं.

आम्ही परतलो. इथे जर्मनीत रोल साबण-शाम्पूच्या दुकानात पाकिटात घालून टाकतात, ते कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत जातात आणि सावकाश परत येतात. दरम्यान आईंचा व्हिसा संपत आला आणि त्या साताऱ्याला गेल्या. माल्टाचा एकही फोटो न पाहता.

गेल्यावर त्यांनी माल्टा सांगायला सुरुवात केली. भजनी मंडळात, नणंदेकडे, औषधाच्या दुकानात. मला ते व्हिडिओ कॉलवर तुकड्यातुकड्यांनी ऐकू यायचं. पहिल्या आठवड्यात बेट होतं तेवढंच होतं. नंतर ते नीट रचलं जाऊ लागलं. व्हॅलेटात दुपारी बाराला तोफ उडते, ती आम्ही लांबून ऐकली होती. आईंच्या सांगण्यात आम्ही तोफेशेजारी होतो आणि लेकीनं कान झाकले होते. केरळचा पोरगा आता बोटीचा कप्तान होता. वाटाण्याचं सारण भरलेली पास्तित्सी त्यांनी हॉटेलवाल्याला मराठीत रेसिपी विचारून शिकून घेतली होती. आणि द्वेय्राला आई कमानीखाली उभ्या राहिल्या होत्या. "एवढी मोठी कमान, तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं." त्या हे पूर्ण खात्रीनं सांगत. खोटं बोलायचा त्यांचा स्वभावच नाही.

नवरा म्हणाला, सांग त्यांना. मी नाही सांगितलं. कारण माझ्याकडेही फोटो नव्हते, आणि लक्षात आलं की माझंही माल्टा असंच रचलं जातंय. मला पक्कं आठवत होतं की मार्साश्लोकच्या बाजारात लेक आणि आजी डोळे रंगवलेल्या होड्यांसमोर हातात हात घालून उभ्या होत्या. फोनवर काढला असता तर त्याच रात्री पलंगावर पडून आम्ही सगळं पाहिलं असतं, चार वगळले असते, दोन पाठवले असते, आणि माल्टा तिथेच गोठलं असतं. इथे काही आठवडे चौघांकडे चार बेटं होती आणि कुणाचंच खोडून काढायला पुरावा नव्हता.

मग पाकीट आलं. मार्साश्लोकच्या फोटोत लेक आणि आजी आहेत, होड्याही आहेत, पण दोघींच्या मध्ये एक मासेवाला आणि चांगलं सहा फुटांचं अंतर आहे. बोटीवरच्या पोरानं काढलेल्या फोटोत मी आहे, गळ्यापासून खाली. माझा या सुट्टीतला तो एकुलता एक फोटो. नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ओळख पटते.

प्रिंट साताऱ्याला पाठवले, येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर. मला धाकधूक होती ती द्वेय्राच्या फोटोची. आईंनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "इथंच तर होती. तुझ्या फोटोत नाही आली."

आणि मग त्यांनी बाकीचे फोटोही तपासायला घेतले. व्हॅलेटाची भिंत एवढी पिवळी नव्हती, दुधाळ होती. दुसऱ्या फोटोत तीच भिंत निळसर का? हे मात्र त्या अगदी बरोबर बोलत होत्या. प्रिंट काढणारं यंत्र चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी करड्याजवळ असणार असं धरून चालतं. चौकटभर पिवळा दगड दिसला की त्याला वाटतं, पिवळं फार झालं, आणि ते निळं ढकलतं. पुढच्या चौकटीत निळा समुद्र जास्त असला की तोच दगड पिवळा करतं. एकाच भिंतीचे चार फोटो, चार रंग, आणि त्यातला एकही दगडाला विचारून दिलेला नाही. मी हे समजावलं तर आई म्हणाल्या, "म्हणजे यंत्र पण अंदाजानंच सांगतंय."

त्यांनी अल्बम लावला आहे. पूर्वीचा, चिकट पानांचा, वर पारदर्शक कागद असलेला. साताऱ्यात तो अजून मिळतो हेच मला नवल. त्यात द्वेय्रा आधी आणि मिठागरं नंतर. लेकीला हे मान्य नाही. परवा कॉलवर ती निगेटिव्हच्या पट्ट्या खिडकीला धरून वाद घालत होती. "आज्जी, फिल्मवर नंबर असतात. मिठागर ९ नंबर आहे. द्वेय्रा ३१."

"वेगवेगळ्या रोलवर आहेत ते," मी म्हटलं. नंबर फक्त आपल्याच रोलपुरते खरे. कुठला रोल आधी कॅमेऱ्यात गेला हे रोलवर कुठेच लिहिलेलं नसतं.

"माझी चप्पल कमानीपाशी तुटली," आई म्हणाल्या. "मिठात मी तुझ्या निळ्या स्लिपर घालून चालले. बघ फोटोत."

लेकीनं भिंग आणलं. मिठागराच्या फोटोत साडीचे काठ खडकापर्यंत आलेत, पाय दिसतच नाहीत. तिनं दुसरा पाहिला, त्यात मी आईंना कमरेपर्यंतच घेतलंय. नवरा स्वयंपाकघरातून ओरडला की मिठागरं आधी, तो गाडी चालवत होता, त्याला माहीत आहे. लेक म्हणाली, बाबा, आपण बसनं गेलो होतो.

"मग?" आई म्हणाल्या, आणि अल्बमचं पान उलटलं. "आता हे बघ, हा कप्तान."